सहीआधी दहा मिनिटं वाचन

गटाच्या बैठकीत आपण हप्ते गोळा करतो, सह्या-अंगठे होतात आणि घरी पळतो. आमच्या गटांनी त्यात एक भर घातली आहे: दहा मिनिटं मोठ्यानं वाचन. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, अडलं की थांबवतात.

वाचायचं काय? आपल्या धंद्याचं. शेळ्यांच्या लसीकरणाचं पत्रक, मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर, कर्जाचा कागद.

कर्जाचंच घ्या. १०,००० रुपये, १० महिने, शेकडा २ रुपये महिना. एका कागदावर लिहिलंय 'मूळ रकमेवर व्याज', दुसऱ्यावर 'शिल्लक रकमेवर व्याज'. मूळ रकमेवर दरमहा २०० प्रमाणे २,००० रुपये व्याज जातं. शिल्लक रकमेवर, दरमहा हजार मुद्दल फेडत गेलो तर आधी २००, मग १८०, मग १६०, असं उतरत एकूण १,१०० च. दर तोच, पण एका शब्दापायी ९०० रुपयांचा फरक!

शाळा चौथीत सुटली असेल, पण वाचन सुटू द्यायचं नाही. अक्षर डोळ्याखालून गेलं नाही तर विसरायला होतं. आमच्यातल्या काही जणी आधी बोट ठेवून अक्षरं जुळवायच्या; आज त्याच गटाचं रजिस्टर लिहितात, बँकेत स्वतः बोलतात. उद्या बँक सखी व्हायचं असो की धंदा वाढवायचा असो, हीच सवय कामी येईल.

येत्या बैठकीला येताना घरातला एक छापील कागद घेऊन या. आधी वाचू, मग सही करू.