यानात भांडी कोण घासतं?

व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य महोदय, प्राध्यापकवर्ग, ज्यांच्यामुळे आत्ता हा माइक आणि हे दिवे चालू आहेत ते शिक्षकेतर कर्मचारी, आणि मागच्या रांगांतून 'पाहुण्यांनी आवरतं घ्यावं' अशा नजरेनं बघणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

ती नजर मला कळते. पडद्यामागे लावणीवाल्या मुली मेकअप करून ताटकळल्या आहेत आणि फिशपाँडच्या चिठ्ठ्या कुणाच्या तरी खिशात घामानं भिजतायत. मी फार वेळ घेणार नाही. मला बोलवायला तुमचे प्रतिनिधी घरी आले, तेव्हा मी म्हटलं, विज्ञानपटांवर बोलतो. त्यावर त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे भविष्यात काय काय होणार ते सांगा." ते मात्र मी सांगणार नाही. मला ते ठाऊक नाही आणि खरं सांगायचं तर विज्ञानपट काढणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं.

याचा दाखला तुमच्याच जुन्नर तालुक्यात आहे. आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकानं ऑक्टोबर 1945 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच गतीनं फिरेल, खालून बघणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखा दिसेल, आणि असे तीन असले की जवळजवळ सगळ्या जगाशी बोलता येईल, असं त्यानं मांडलं. पहिला कृत्रिम उपग्रह उडायला तेव्हा अजून बारा वर्षं होती! पुढे तसंच घडलं. आपल्या आर्वीचं विक्रम भूकेंद्र याच कल्पनेच्या जिवावर उभं राहिलं आणि भारताचे परदेशी फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले. मी दूरध्वनी खात्यात इंजिनियर होतो, त्यामुळे आर्वीच्या त्या डिशबद्दल मला अजूनही घरच्या माणसासारखा जिव्हाळा आहे.

पण त्याच लेखात क्लार्कनं असंही धरलं होतं की या उपग्रहांत माणसं मुक्कामाला असतील. कशासाठी? तर व्हॉल्व्ह बदलायला. तेव्हाच्या यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असत, ते उडत, आणि उडालेला काढून नवा बसवायला कुणीतरी तिथं हजर लागणार. 1947 च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर आला आणि त्या माणसांची नोकरी सुरू व्हायच्या आधीच गेली. 36,000 किलोमीटरवरचं ज्याला लख्ख दिसलं, त्याला समोरच्या टेबलावरच्या रेडिओत दोन वर्षांनी काय बदलणार आहे ते दिसलं नाही.

मग हे चित्रपट बघायचे कशाला? दुसऱ्यांचं मला माहीत नाही. मी बघतो ते त्यातली माणसं काय जेवतात, भांडी कोण घासतं, फोनचं बिल कुणाच्या नावावर येतं आणि पोरांच्या वाढदिवसाला बाप घरी असतो का, हे बघायला. रॉकेट सगळ्यांनाच उडवता येतं. ज्या दिग्दर्शकाला यानातला मंगळवार दाखवता येतो, तो माझ्या लेखी खरा.

स्टॅन्ली क्युब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' घ्या. चित्रपट 1968 चा, म्हणजे चंद्रावर माणूस उतरण्याच्या आदल्या वर्षीचा. पटकथेत हेच क्लार्क. लोक त्यातल्या हॅल नावाच्या बोलक्या संगणकाबद्दल बोलतात, आणि ते ठीकच आहे. माझा जीव मात्र एका छोट्या प्रसंगात अडकलाय. डॉ. फ्लॉइड हे मोठे शास्त्रज्ञ अवकाश स्थानकावरून घरी फोन लावतात. पडद्यावर त्यांची लहानगी मुलगी येते. आई घरात नाही. बाबा सांगतात की उद्याच्या तुझ्या वाढदिवसाला मला येता येणार नाही. तिला भेट म्हणून एक माकडासारखा प्राणी हवा असतो. बोलणं संपतं आणि पडद्यावर आकार उमटतो: 1 डॉलर 70 सेंट. चित्रपटगृहातले सगळे त्या फिरत्या स्थानकाकडे बघत होते, मी बिलाकडे. ज्यानं ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे ट्रंक कॉलचे तीन भाव बघितलेत, त्याला अवकाशातून इतक्या स्वस्तात फोन लागतो ही सगळ्यांत अचाट कल्पना वाटली.

त्याच चित्रपटात दोन अंतराळवीर जेवताना शेजारी पाटीसारखा सपाट पडदा ठेवून बातम्या बघतात. 2011 मध्ये ॲपल आणि सॅमसंगचं टॅबलेटच्या रूपावरून कोर्टात जुंपलं, तेव्हा सॅमसंगनं हा प्रसंग पुरावा म्हणून पुढे केला होता. वकिलांना त्यात टॅबलेट दिसला. मला दिसलं ते हे, की दोघं एकाच टेबलाशी बसून जेवतायत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. तुमच्या कॅन्टीनमध्ये मी मघाशी चहाला गेलो होतो. अधिक बोलत नाही.

आता याच चित्रपटाचं आंधळेपण बघा. डिस्कव्हरी नावाच्या त्या यानात पाच माणसं आहेत, त्यांत एकही बाई नाही. चंद्राकडे जाणाऱ्या यानात बाई दिसते ती जेवणाचे ट्रे घेऊन. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा 1963 मध्येच अवकाशात जाऊन आली होती. म्हणजे कल्पनाशक्ती ताणायचीही गरज नव्हती, वर्तमानपत्र वाचलं तरी पुरलं असतं. यंत्र माणसासारखं बोलेल हे सुचलं, पण ट्रे कुणी आणायचा हा प्रश्न मनाला शिवलाही नाही. मुलींनो, हा तुमचा प्रांत आहे. इथं जागा अजून मोकळी आहे.

1979 चा 'एलियन' तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितला असेल, निदान भीती वाटते म्हणून अर्धवट सोडला असेल. त्यातला राक्षस बाजूला ठेवा. ते यान खनिज ओढून नेणारं मालवाहू यान आहे, आणि त्यातले लोक झोपेतून उठल्या उठल्या जेवणाच्या टेबलावर काय बोलतात? इंजिनवाले दोघं म्हणतात, आम्हाला बोनसचा वाटा कमी का? पुढे अनोळखी संदेश येतो, तो तपासायला जायचं नाही असं कुणी म्हणतं, तेव्हा त्याला करारातलं कलम दाखवलं जातं: तपासलं नाही तर पैसे बुडाले. त्या ग्रहावर ते धाडस म्हणून उतरत नाहीत, पगार कापला जाईल म्हणून उतरतात. रिडली स्कॉटच्या या चित्रपटाची भीती इतकी खरी वाटते, कारण त्याआधीची कुरकुर खरी आहे. 'स्टार वॉर्स'मध्ये हवा नसलेल्या पोकळीत स्फोटांचे धडाम धडाम आवाज होतात आणि मी ते चालवूनही घेतो. पण तिथं कुणाचा पगार थकल्याचं मला आठवत नाही. म्हणून तो मला अद्भुत कथा वाटतो, आणि 'एलियन' बातमी.

शेतकऱ्यांच्या मुलांसमोर बोलतोय, तेव्हा 'इंटरस्टेलर' टाळून चालणार नाही. 2014 चा ख्रिस्तोफर नोलनचा चित्रपट. कृष्णविवर, काळाचं ताणणं, एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे सगळं त्यात आहे. शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न होते, ज्यांना 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी नोबेल मिळालं. तशाच लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. काळ ताणला जातो ही गोष्ट तुमच्या खिशातसुद्धा आहे. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं आपल्यापेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे धावतात. तो फरक आइन्स्टाइनच्या हिशेबानं वजा केला नाही, तर दिवसभरात नकाशा दहाएक किलोमीटरनं चुकेल. नारायणगावला निघालेला मंचरच्या वाटेला लागेल.

पण मी या चित्रपटापुढे हात जोडतो ते त्याच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी. पृथ्वीवर पिकांवर रोग पडलाय. गहू गेला. बातमी येते की यंदाची भेंडी शेवटची, यापुढे भेंडी नाही, आणि शेजाऱ्याचं पीक जाळून टाकतात. उरला फक्त मका. जेवायच्या टेबलावर ताटल्या पालथ्या घालून ठेवलेल्या असतात, कारण धूळ. हा तपशील ज्याला सुचला, त्यानं दुष्काळ ऐकलेला आहे; चित्रपटात म्हातारी माणसं धुळीच्या आठवणी सांगतात, त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतल्या 1930 च्या दशकातल्या धूळवादळांतून खरोखर वाचलेल्यांच्या मुलाखती आहेत. आणि एक गंमत. मक्याचं शेत संगणकावर काढण्याऐवजी नोलननं कॅनडात सुमारे 500 एकर मका खराच लावला, चित्रीकरण आटोपल्यावर विकला, आणि त्यात नफा झाला. मक्यात नफा! तुमच्या वडिलांना ही गोष्ट सांगा. कृष्णविवरापेक्षा यावर ते कमी विश्वास ठेवतील.

'द मार्शियन'मधला नायक मंगळावर विष्ठेचं खत करून बटाटे लावतो, तेही मला आवडतं. सुरुवातीचं ते यान उलथवणारं वादळ मात्र खोटं. मंगळाची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाएवढी विरळ, तिच्यात तेवढा जोरच नाही. मूळ कादंबरीचा लेखक अँडी वीअर हे स्वतःच सांगतो. गोष्ट सुरू करायला एक थाप चालते. बटाट्याच्या हिशेबात चालत नाही.

आता खोडदला येऊ. 1997 च्या 'कॉन्टॅक्ट'मध्ये जोडी फॉस्टर न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींच्या रांगेपुढे गाडीच्या बॉनेटवर, हेडफोन लावून परग्रहाचा आवाज ऐकते. दृश्य झकास आहे, पण खगोलशास्त्रज्ञ हेडफोन लावून बसत नाहीत. संकेत संगणकात जातात आणि माणूस आलेख बघत बसतो. त्या दुर्बिणी 27, प्रत्येकी 25 मीटर व्यासाच्या. तुमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्राच्या 30, प्रत्येकी 45 मीटरच्या, तारेच्या जाळीच्या. ते केंद्र उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी त्या जाळीच्या केल्या म्हणून हलक्या आणि स्वस्त झाल्या. त्यांतल्या काही तर तुमच्या उसा-द्राक्षांच्या शेजारी उभ्या आहेत. हॉलिवूड न्यू मेक्सिकोला गेलं, आणि आपण एसटीच्या खिडकीतून या डिश बघत मोबाइलवर न्यू मेक्सिको बघतो.

"मराठीत असलं कुठं आहे, सर?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा माणसाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून आद्याक्षरं उलटी फिरवून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं उतरवून घेतली. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचा शिष्य, जगभर नाव झालेला, आणि स्पर्धेत उतरला तो अनोळखी होऊन. मे 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या कथा तुमच्या ग्रंथालयात आहेत, मी आल्या आल्या कपाट बघून खात्री केली. पुस्तकं कोरी करकरीत आहेत, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

आणि मूळच्या नागपूरच्या आरती कडव. त्यांचा 2019 चा 'कार्गो' हिंदीत आहे. मेलेली माणसं एका यानात येतात, राक्षसांच्या वंशातला एक कर्मचारी त्यांच्याकडच्या वस्तू काढून घेतो, आठवणी पुसतो आणि पुढच्या जन्माला धाडतो. सगळा कारभार सरकारी कचेरीसारखा. यानाचं नाव पुष्पक. पुढे याच बाईंनी 'मिसेस' केला, ज्यात एका सुनेचं अख्खं आयुष्य ओटा, सिंक आणि गरम फुलक्यांत जातं. लोकांना वाटलं, विषय बदलला. मला नाही वाटत. यानातून निघून त्या थेट सिंकपाशी पोचल्या, आणि मी मघापासून जो प्रश्न विचारतोय, त्याचं उत्तर तिथं होतं.

म्हणून सांगतो, विषयासाठी अमेरिकेला जाऊ नका. तुमच्या उसात बिबट्याची पिल्लं जन्मतात, ज्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. त्या बिबट्यांच्या गळ्यात पट्टे आले, रानात कॅमेरे आले. उद्या कॅमेऱ्यानं ठरवलं की धोका बिबट्याचा नाही, माणसाचा आहे, तर? किंवा नारायणगावच्या राहुट्या घ्या. पाडव्याच्या सुमाराला गावोगावचे जत्रा कमिटीवाले तमाशाची सुपारी द्यायला येतात. एका वर्षी चंद्रावरच्या वस्तीचे कमिटीवाले आले असं धरा. सुपारी दणदणीत. पण चंद्रावरची रात्र आपल्या जवळजवळ चौदा दिवसांची. पहाटेपर्यंत वग चालवायचा, तर सोंगाड्यानं विनोद आणायचे कुठून? ढोलकी हवेशिवाय वाजणार नाही, म्हणजे घुमटात हवा भरावी लागणार. तिचं बिल कमिटीकडे की फडमालकाकडे? हसताय, पण या बिलात पानभर भौतिकशास्त्र आहे, आणि फडातल्या बायकांचं चौदा दिवस खाणंपिणं कोण बघणार हा प्रश्न विचारलात, तर कादंबरी आहे.

वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढच्या अंकात आठ पानं विज्ञानकथेला राखून ठेवा. आणि तुम्ही लिहा. मराठीत लिहा, जुन्नरच्या बोलीत लिहिलंत तर आणखी चांगलं. शास्त्राचा हिशेब भौतिकशास्त्राच्या सरांकडून तपासून घ्या, स्वयंपाकघराचा आईकडून. मात्र यान उडवण्यापूर्वी त्यात भांडी कोण घासणार, तेवढं ठरवून ठेवा.

लावणीवाल्यांनी तयार राहावं. नमस्कार.