परसाच्या चार कडा, चार कामं

 

आज आपण परसाबद्दल बोलणार आहोत, पण मधल्या वाफ्यांबद्दल नाही. मेथी, पालक, वांगी कशी लावायची ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. आपण बोलू कडांबद्दल. शेतातल्या घराला दोन-चार गुंठे परस असतो. मध्ये भाजी असते आणि कडेला काय असतं? गाजरगवत, घाणेरी, फुटके माठ आणि प्लॅस्टिक. आमच्या गटात आम्ही ठरवलं, की प्रत्येक कडेला एक काम द्यायचं आणि त्या कामाचीच झाडं तिथं लावायची. दिसेल ते रोप आणून जागा मिळेल तिथं खोचायचं नाही.

आधी ऊन बघा. आपल्याकडे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारची सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाडं उत्तरेच्या कडेला आणि बुटकी दक्षिणेच्या कडेला. हे उलटं झालं, तर ऐन हिवाळी भाजीवर सावली येते.

उत्तरेची कड झाली ताटाची. शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू. शेवग्याच्या शेंगा आपण विकतो, पण पाला टाकून देतो. तो पाला डाळीत, थालीपिठात घाला. हादग्याची फुलं भाजीला येतात, आणि भोंडला खेळणाऱ्या पोरींना हादग्याचं झाड तरी बघायला मिळेल. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवर हिरवी अळी दिसली तर लगेच फवारा मारू नका. तिचं फुलपाखरू होतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं. मोठ्या झाडाची चार पानं गेली तर बिघडत नाही. रोप अगदी लहान असेल तर अळ्या हातानं वेचा.

दक्षिणेची कड झाली सणाची, म्हणजे झेंडूची. इथं दसऱ्यापासून मागं मोजायचं. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, आणि लावल्यापासून फूल तोडायला यायला साधारण ६० ते ६५ दिवस. म्हणजे दसऱ्याआधी तीन महिने बी पडलं पाहिजे. चार गुंठ्यांचा चौकोनी परस असेल तर एक बाजू ६६ फुटांची होते. दीड-दीड फुटावर लावलं तर एका ओळीत ४४ रोपं, दोन ओळींत ८८. रोप मूळ धरून वाढीला लागलं की शेंडा खुडा, फांद्या जास्त फुटतात. झेंडूचा आणखी एक उपयोग आहे. टोमॅटोचं फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. म्हणून टोमॅटोच्या वाफ्याशेजारी झेंडू हवा, आणि त्याचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा १५-२० दिवस आधीचं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात.

पूर्वेची कड झाली माश्यांची. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशी आली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. तेव्हा या कडेला तुळस, सब्जा, बडीशेप लावा. कोथिंबीर सगळी उपटू नका, थोडी फुलावर जाऊ द्या. फवारणी करायचीच झाली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

पश्चिमेची कड आम्ही सांडपाण्याला दिली, कारण आमच्याकडं बहुतेक घरांची मोरी तिकडं आहे. तुमची मोरी जिकडं असेल, तिकडं ही कड करा. केळी आणि कर्दळ लावा. डबकं राहत नाही, म्हणजे डासही कमी. पण साबणाच्या पाण्यावर पालेभाजी लावू नका.

आणि या सगळ्याच्या बाहेरून कुंपण. तारेला पैसे लागतात. अडुळसा आणि निर्गुडी यांना शेळी सहसा तोंड लावत नाही आणि दोन्ही पावसाळ्यात फाट्यांवर लागतात. चार गुंठ्यांचा घेर २६४ फूट. दीड फुटावर एक म्हटलं तरी १७६ फाटे पुरतात, आणि ते शेजारणीच्या कुंपणावरून फुकट मिळतात. अडुळसा घरात आला म्हणून एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नका. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर काढ्यावर न थांबता आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या.

कडेला काय लावायचं नाही, तेही ऐका. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांशी मुलं खेळतात आणि ती बी जिवावर बेतते. साधी कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया, सगळं विषारी. लहान मुलं आणि जनावरं असतील तिथं ही झाडं नकोत. घाणेरी खाल्ल्यानं जनावरं आजारी पडतात. ती मुळासकट काढा.

आता अवघड गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंचा तीन वर्षांचा शेवगा शेजाऱ्यानं एका दुपारी तोडला, कारण सावली त्याच्या पिकावर पडत होती. दुसऱ्या एकींची फुलांची कड घरच्यांनीच ट्रॅक्टर उभा करायला सपाट केली. कष्ट बाईचे आणि जागेचा निर्णय दुसऱ्याचा, असं होतं. म्हणून आमच्या गटात आता तीन नियम आहेत. पहिला, उंच झाड बांधापासून दहा फूट आत आणि लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलणं. दुसरा, घरात सगळ्यांसमोर जागा ठरवायची आणि दोऱ्या बांधून दाखवायची. तिसरा, कडेतून आलेली शेंग, फूल, लिंबू, घरात खाल्लं तरी आणि विकलं तरी, वहीत लिहायचं. वर्षाच्या शेवटी ती वही घरात वाचली, की कडेला कुणी रिकामी जागा म्हणत नाही. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागू शकतात. तुमचं आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघून या.

शेवटी एक विनंती. चारही कडा एकदम करू नका. पाणी आणि आपली पाठ, दोन्ही पुरले पाहिजेत. यंदा एकच कड धरा. वाफा दोन-अडीच फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे एका बाजूनं हात पोचतो आणि खुरपताना आत पाय द्यावा लागत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली कड कुठली ते सांगायचं आणि जिच्याकडं जे बी, जो फाटा असेल तो घेऊन यायचं.

चला, भाकरी करपायच्या आत आम्ही थांबतो. नमस्कार.