अपूर्णांकाचा घात आणि पेटीचे सूर

शालेय बीजगणितात नववीच्या सुमारास एक वळण असे येते की, तेथवर मजेत चाललेली मुले एकदम थबकतात. दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन केलेला गुणाकार, हे त्यांना पटलेले असते. मग एके दिवशी फळ्यावर दोनाच्या डोक्यावर १/२ हा घातांक येऊन बसतो. येथे ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात माझ्याकडे संध्याकाळी जी मुले अभ्यासाला येतात, त्यांतील एका मुलीने मला सरळच विचारले, "बाई, दोन ही संख्या अर्ध्या वेळा कशी घ्यायची?" प्रश्न अगदी रास्त आहे. पुष्कळदा त्याला ‘तसा नियमच आहे’ एवढेच उत्तर मिळते आणि त्या दिवसापासून मुलाची बीजगणिताशी फारकत होते. पुढे ते गणित करीत नाही, पाठ करते.

खरे उत्तर असे की, अर्ध्या वेळा काही घेता येतच नाही. परंतु घातांकांचा एक नियम आपल्या हाती आहे: गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. दोनाचा तिसरा घात आणि चौथा घात यांचा गुणाकार सातवा घात होतो. हा नियम अपूर्णांकांच्या प्रांतातही अबाधित राहावा अशी आपली इच्छा असेल, तर दोनाचा १/२ घात स्वतःशीच गुणला असता घातांक १ व्हावा, म्हणजे उत्तर दोन यावे. जी धन संख्या स्वतःशी गुणल्याने दोन होते तिला आपण दोनाचे वर्गमूळ म्हणतो. नियम मोडू नये म्हणून अर्थ वाढविला, एवढीच ही गोष्ट आहे. न्यूटनने १६७६ सालच्या आपल्या पत्रात असे घातांक मोकळेपणाने वापरले.

तानसेनाची समाधी ज्या गावात आहे तेथे याचे उदाहरण संगीतातच शोधलेले बरे. षड्जापासून तार षड्जापर्यंत जाताना कंपनसंख्या दुप्पट होते. सम-स्वरमेळात लावलेल्या पेटीत या प्रवासाच्या बारा सारख्या पायऱ्या केलेल्या असतात. प्रत्येक पायरीला एकाच संख्येने गुणायचे आणि बारा वेळा गुणल्यावर दोन यायचे. तेव्हा ती संख्या दोनाचा १/१२ घात, सुमारे १.०५९५, हे उघड आहे. पंचम सातव्या पायरीवर, म्हणून दोनाचा ७/१२ घात, सुमारे १.४९८३. तंबोऱ्यावर लागणारा पंचम नेमका दीडपट असतो. हा फरक सहसा कोणाला खटकत नाही. शुद्ध गांधाराचे मात्र तसे नाही. तो चौथ्या पायरीवर, म्हणजे दोनाच्या घनमुळावर, सुमारे १.२५९९ वर येतो, आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार आहे सव्वापट. तयार कानाला हा चढेपणा खुपतो. नभोवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, त्यामागे तिच्यावर मींड निघत नाही ही तक्रार होती, तशीच या ठोकळेबाज स्वरमेळाचीही. ती बंदी पुढे १९७१ साली सैल झाली. बंदी न्याय्य होती की नाही हा वाद मी गवयांवर सोडते. पण आता सहावी पायरी पाहा. तीव्र मध्यम! घातांक ६/१२, म्हणजेच १/२. ‘अर्ध्या वेळा’चे उत्तर सप्तकाच्या ऐन मध्यावर वाजते आहे.

ही दोनाचे वर्गमूळ नावाची संख्या कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी लिहिता येत नाही. अशा मुळाला आपण करणी म्हणतो. शुल्बसूत्रांत दोनाच्या मुळासाठी द्विकरणी हा शब्द येतो, इतके हे नाव जुने आहे. करणींची बेरीज करताना मुले बिनदिक्कत करणी २ आणि करणी ८ मिळून करणी १० असे लिहितात. वास्तविक डावी बाजू सुमारे ४.२४ आणि उजवी ३.१६. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतील बीजगणितात हेच दोन अंक उदाहरणाला घेतले आहेत. त्यांची रीत अशी: दोन आणि आठ यांची बेरीज दहा, ही ‘महती’. त्यांचा गुणाकार सोळा, त्याचे मूळ चार, त्याची दुप्पट आठ, ही ‘लघु’. दोन्ही मिळवून अठरा. म्हणून बेरीज करणी १८. वजा करून दोन. म्हणून वजाबाकी करणी २. आजच्या रीतीने करणी ८ म्हणजे दोन करणी २, सगळ्या मिळून तीन करणी २, उत्तर तेच. आमची मुले महतीपाशीच थांबतात, लघु विसरतात, हे या जुन्या शब्दांमुळे जितके लख्ख दिसते तितके लाल शाईच्या फुलीने दिसत नाही. तीन आणि सात यांचा गुणाकार एकवीस. त्याला पूर्ण मूळ नाही, म्हणून त्या करणी वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

एक सावधगिरी मात्र मी उदाहरणांच्या आधीच लिहवून घेते. अपूर्णांक घातांक असेल तर पाया धन हवा. उणे आठाचे घनमूळ उणे दोन. पण १/३ ऐवजी २/६ लिहून आधी वर्ग केला तर चौसष्ट येतात, आणि चौसष्टाचे सहावे मूळ अधिक दोन. अपूर्णांक तोच, उत्तरे दोन! ही अट पुस्तकात असते, पण घाईत ती वाचतो कोण?

ज्यांच्या घरी एखादे मूल या धड्यावर अडले असेल, त्यांनी आज रात्री त्याच्याजवळ बसून करणी ३ आणि करणी २७ यांची बेरीज महती-लघूच्या रीतीने करून पाहावी. उत्तर करणी ४८ यावयास हवे.