टी-शर्टावरील अक्षर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज या सभागृहात जिकडेतिकडे जे गडद निळे टी-शर्ट दिसत आहेत, त्यांवरील केशरी ओळ आपण वाचलीच असेल : ‘दऱ्याखोऱ्यांतून दर्याकाठी’. सह्याद्रीचा पायथा सोडून या सागरतीरावरील नगरीत आलेल्या आपल्या कुटुंबांची कहाणी तीत सामावली आहे. ही ओळ कापडावर कशी उतरली, ते थोडक्यात सांगावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे.

पहिला धडा दिला तो मंडळाच्या बोधचिन्हाने. आमच्यापाशी त्याचे जे चित्र होते, त्याची रुंदी अवघी ६०० पिक्सेल. छातीवरील छपाई २८ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ११ इंच रुंद. इंचाला ३०० या हिशेबाने ३,३०० पिक्सेल हवेत. चित्र मोठे करताच त्याच्या कडा करवतीसारख्या दिसू लागल्या. तेव्हा संगणकावर ते रेषांनी नव्याने रेखाटले. असे रेखाचित्र कितीही वाढविले, तरी त्याची धार जात नाही.

दुसरा धडा रंगांचा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते आणि प्रत्येक जाळीसाठी काळ्या शाईतील स्वतंत्र फिल्म. निळ्या कापडावर केशरी रंग थेट दिला तर तो मळकट दिसतो. म्हणून त्याखाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. हा थर किंचित आखूड ठेवावा, नाहीतर केशरी अक्षराच्या कडेने पांढरी किनार डोकावते.

तिसरा धडा मात्र आम्हांला खजील करून गेला. छपाई तिरुपूरला व्हायची होती. तेथील संगणकावर आपला फाँट नसेल तर अक्षरे बदलतील, म्हणून अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच फाइल पाठवावयाची, हा या व्यवसायातील नियम आम्ही पाळला. नमुना आला. रंग उत्तम, छपाई स्वच्छ. आणि ओळ? ‘दर्याखोर्यांतून दर्याकाठी’!

दोष सर्वस्वी आमचा होता. संगणकावर र, हलन्त आणि य दिले की रफाराचा ‘र्य’ उमटतो. ‘ऱ्य’ हवा असेल, तर खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो, किंवा हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह द्यावे लागते. घाईत आम्ही ते केले नाही. आणि बाह्यरेषांनी आमची चूक जशीच्या तशी गोठवून टाकली.

आमच्याच एका तरुण सभासदाने विचारले, “एवढ्याने काय बिघडते?” आम्ही म्हणालो, “बाळ, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र. आपण समुद्रातून समुद्राकाठी आलो, असे या शर्टावर छापले आहे!” तो हसला; पण दुसऱ्या दिवशी त्यानेच ती ओळ दुरुस्त करून आणली. पुढे नवी फिल्म, नवी जाळी आणि चार दिवसांचा विलंब, एवढे प्रायश्चित्त आम्ही घेतले.

बंधुभगिनींनो, पूर्वी लेखक आणि छापील अक्षर यांच्यामध्ये खिळे जुळविणारा असे, मुद्रितशोधक असे. त्यांच्या नजरेतून अशी चूक सहसा सुटत नसे. आज आपली फाइल जाते ती थेट जाळीवर. तिरुपूरच्या त्या तमिळभाषी कारागिराने आमची प्रत्येक रेघ इमानाने उतरविली. ती वाचणे हे त्याचे काम नव्हते. परमुलखात मराठी मजकूर छापावयाचा, तर तो वाचणारे शेवटचे डोळे आपलेच असतात. म्हणून फाइल बंद करण्यापूर्वी मजकूर कागदावर काढावा, घरातील वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि दुरुस्त करता येईल अशी एक मूळ प्रत जपून ठेवावी.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. जाता जाता आपापला शर्ट एकदा वाचून पाहावा. आता तो बरोबर आहे!