शिष्यवृत्तीची तयारी आठवीपासून

(तालुक्यातील मुख्याध्यापक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात पालकांची रीघ लागते. "साहेब, पोरीला ब्याऐंशी टक्के पडले. तिच्यासाठी सरकारची काही योजना आहे का?" योजना असते; पुष्कळदा एकाहून अधिक असतात. परंतु तिला लागणारा एखादा कागद घरात नसतो आणि तो मिळविण्यासाठी लागणारे महिने तोवर निघून गेलेले असतात. गुणांच्या अभावी शिष्यवृत्ती हुकलेली मुले मी थोडी पाहिली. कागदाच्या अभावी हुकलेली फार पाहिली.

त्यांत मीही एक आहे. १९९८ साली माझ्या वडिलांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेस दाखला हाती आला, तेव्हा फी-सवलतीच्या अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले होते. त्या वर्षी आईने दोन शेळ्या विकल्या. मी पदवीधर झालो खरा. पण त्या शेळ्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी राखलेल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले. म्हणून आज मी योजनांची जंत्री वाचणार नाही. ती आपणांस संकेतस्थळावर मिळेल. मला बोलायचे आहे ते वेळेविषयी.

पहिली संधी आठवीतच येते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची, परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असावे लागते. निवड झालेल्या मुलास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये मिळतात. परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो; शाळेने तो भरला नाही तर मुलाला परीक्षा झाल्याचेही कळत नाही. आणि निवड झाल्यावरही दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नववीत मिळालेली रक्कम दहावीत थांबली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकास हे कोणी सांगितलेलेच नसते.

दहावीनंतरच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी या प्रणालीवर भरावयाचे असतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क योजना आहे. तिची मर्यादा आठ लाख. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून मुलीचा प्रवेश घेतला आणि नंतर सवलत मागितली, तर ती मिळत नाही. हे पालकांना प्रवेशाआधी सांगावे; नंतर सांगण्यात अर्थ नसतो.

आता ज्या कागदावर सर्वाधिक काळ खर्ची पडतो, त्याकडे येतो. तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमास राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलाला ते लागते. यासाठी ठरावीक दिनांकापूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने हा पुरावा कोठून आणावा? बहुधा चुलत आजोबांच्या प्रवेश-निर्गम नोंदीतून, हक्कनोंदीतून, किंवा कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतून. ती जीर्ण नोंदवही कोणाच्या तरी शाळेच्या कपाटात पडून असते. मुख्याध्यापक मंडळींनो, त्या वहीला वाळवी लागली तर एखाद्या कुटुंबाची तीन पिढ्यांची साक्ष नष्ट होते. अर्ज अकरावी-बारावीतच करता येतो. तेव्हा पुरावा शोधण्याचे काम दहावीच्या सुट्टीतच हाती घ्यावे.

दुसरी अडचण नावांची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, आणि बँकेत तिसरे! आडनावातील एका अक्षराने अर्ज परत येतो. आणि पैसा येतो तो आधारशी जोडलेल्या खात्यात. दोन खाती असतील, तर शेवटी जोडलेल्या खात्यात तो जातो. पालक मात्र दुसऱ्याच खात्याचे पासबुक घेऊन बँकेत खेटे घालीत राहतो. हे दुरुस्त करण्यास कायदा लागत नाही. नववीच्या वर्गशिक्षकाने एक दुपार काढली की पुरे.

एकाच योजनेवर विसंबून राहण्याचीही प्रवृत्ती दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मुदत संपल्यावर लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा प्राध्यापकीतून साठविलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज अशी जुळवाजुळव त्यांना करावी लागली. आजच्या मुलालाही अशीच जुळवाजुळव करावी लागते: काही शिष्यवृत्ती, काही वसतिगृह किंवा निर्वाहभत्ता, महाविद्यालयातील 'कमवा व शिका' योजनेतील काही कमाई, आणि उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. कर्ज शेवटी धरावे, प्रथम नव्हे. ते फेडावे लागते, एवढे कारण पुरेसे आहे.

ग्रामपंचायत सदस्यांकडे माझी एक मागणी आहे. येत्या ग्रामसभेत आठवी ते बारावीतील मुलांची यादी वाचावी आणि प्रत्येक नावापुढे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व आधार-जोडणी यांपैकी काय नाही, एवढेच लिहावे. यादी मोठी होईल, काही नावे वाचताना संकोचही वाटेल. उत्पन्नाच्या दाखल्यांची मुदत बहुधा मार्चअखेर संपते, हे लक्षात घेऊन ही सभा एप्रिलात घेणे सोयीचे. कोऱ्या तक्त्याच्या प्रती मी सोबत आणल्या आहेत. जाताना प्रत्येक गावासाठी एक न्यावी. आता आपल्या शंका ऐकतो.