मुलांचा दमा खरंच आटोक्यात आहे का?

कल्याणकरांनी आधारवाडी कचराभूमीच्या आगींचा धूर वर्षानुवर्षं सोसला. डोंबिवलीत एमआयडीसीचा उग्र दर्प, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरची धूळ. अशा हवेत दम्याच्या मुलांना विशेष जपायला हवं.

युरोपात औषधं सहज मिळतात, तरी तिथल्या पाहण्यांतही अनेक मुलांचा दमा पुरता आटोक्यात नसल्याचं आढळलं. पालकांना मात्र सगळं ठीक वाटत होतं. म्हणून सहा वर्षांवरच्या मुलांसाठी डॉक्टर गेल्या ४ आठवड्यांबद्दल ४ प्रश्न विचारतात. दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा धाप किंवा खोकला? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग? तातडीचा पंप (इनहेलर) आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा? खेळणं दम्यामुळे कमी? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तरच दमा आटोक्यात. एक ‘हो’ आलं, तरी डॉक्टरांना भेटा.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती मनातून काढा. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून अगदी थोडं पुरतं. लहानग्यांना पंपाला स्पेसर (पोकळ नळी) लावून औषध द्या: पंप हलवा, एकच फवारा सोडा, मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. रोजच्या प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायला लावा. बरं वाटलं म्हणून तो पंप स्वतःहून थांबवू नका.

बोलताना धाप लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली किंवा ओठ निळसर दिसले, तर तातडीचा पंप देत लगेच रुग्णालय गाठा. दमा असलेलं मूलही मनसोक्त धावू शकतं. तो त्याचा हक्क आहे.