फलकांचा खटला

लोकांच्या डोळ्यांवर न मागता लादल्या जाणाऱ्या जाहिरातींवर कोर्टकचेरी हाच उपाय काय? साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ साली याचिका केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला. सांगलीसह राज्यभरच्या पालिकांवर तो बंधनकारक ठरला. तरीही २०२४ साली त्याच न्यायालयाला अवमानाचा बडगा उगारावा लागला. १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. एवढा दंड फलकवाला छपाईच्या खर्चातच धरतो! चौक सर्वांचा, नफा एकाचा. खटला हवाच, त्यावाचून आदेशही मिळाला नसता. पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकाला वर्गणी कार्यकर्ताच देतो, आणि ती नाकारण्यासाठी त्याला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.